टेकडी ४०५२

भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाल्यावर मुकुंदला एक नाद लागला होता. दुसऱ्या महायुद्धातले जुने फोटो घ्यायचे, त्या काळचे लष्करी नकाशे शोधायचे आणि फोटोतली टेकडी नेमकी कुठली ते हुडकून काढायचं. चौतीस वर्षं बांध मोजण्यात गेलेली. डोंगराची रेघ त्याच्या नजरेत चटकन बसायची. जुन्या जालन्यातल्या त्याच्या घरी दूरदूरच्या लोकांची पत्रं येत.

तीन वर्षांपूर्वी परतूरजवळच्या एका गावातून दुर्गाबाई आल्या, नातू कल्याणला घेऊन. वय ऐंशीच्या घरात. वडील कचरू ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, मणिपूरच्या जंगलात चव्वेचाळीस साली लढाईत पडले, तेव्हा त्या दीड वर्षाच्या होत्या. सामानासोबत एक फोटो घरी आला होता: आठ जवान, हातात बंदुका, मागं दोन उंचवट्यांची टेकडी. मागच्या बाजूला एवढंच लिहिलेलं, की चार दिवसांनी इथंच चकमक झाली, तीत कचरू गेला.

"ही जागा कुठली, तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "आन् एक. माय म्हणायची, दादाच्या, म्हंजी माझ्या बापाच्या, डाव्या गालावर तीळ होता. फोटोत तर उजव्या गालावर हाय."

"इतक्या वर्षांनी डावं-उजवं होतंच, मावशी," मुकुंद हसून म्हणाला होता.

चार महिने तो त्या फोटोवर बसला. डावा उंचवटा मोठा, उजवा लहान, पायथ्याशी ओढ्याचं वळण. टेकड्यांना नकाशावर नावं नव्हती, फक्त फुटांत उंची. शेवटी ४०५२ आकड्याची टेकडी जुळली. ओढ्याचं वळण जरा लांब पडत होतं. ऐंशी वर्षांत ओढा सरकला असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. दुर्गाबाई कल्याणबरोबर आगगाडीनं, मग जीपनं तिथवर गेल्या. भाकरी-ठेच्याचा निवद दाखवला, मूठभर माती आणली. पेपरात बातमी आली. जानेवारीत जालन्यात मुकुंदचा सत्कार झाला.

सत्काराच्या दिवशी मंडपात फोटो मोठा करून लावला होता. अंबडचे एक निवृत्त सुभेदार त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, हे आठही जण डावरे होते का हो? या बंदुकीचा बोल्ट, मागं ओढायचा दांडा, उजव्या अंगाला असतो. इथं सगळ्यांचा डाव्या अंगाला दिसतोय."

मुकुंदनं हसण्यावारी नेलं. गळ्यात हार तसाच होता. घरी येऊन त्यानं संगणकावर फोटो आरशात दिसावा तसा उलटा केला. निगेटिव्ह पालथी धरून छापलेला फोटो होता तो. आता बोल्ट उजवीकडं आले, मोठा उंचवटा उजवीकडं गेला. कचरूचा तीळ डाव्या गालावर आला. अर्ध्या तासात खरी टेकडी सापडली, ३८७०, अकरा मैल उत्तरेला. ओढ्याचं वळणही जिथल्या तिथं.

त्यानं संगणक बंद केला. उमाला, बायकोला, एवढंच म्हणाला, "दमलो गं."

उद्या सांगू, आठवड्यानं सांगू, म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. म्हातारीला समाधान मिळालंय, ते कशाला मोडायचं, हे कारण त्याला पुरत होतं. बाहेरून कुणी फोटो पाठवला, की तब्येतीचं निमित्त सांगून परत करायचा.

आणि परवा कल्याणचा फोन आला. "काका, आज्जी दादाच्या नावाचा दगड बसवून राह्यली मारुतीच्या पारापाशी. जागेचा आकडा बराबर सांगा, पाथरवट खोदायला बसलाय."

"थांबव त्याला," मुकुंद म्हणाला. "मी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो परतूरला उतरला आणि जीपनं गावात पोचला. दुर्गाबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या, गुडघ्यांना तेल चोळत. त्यांनी चहा सांगितला. मुकुंदनं चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं. दोन्ही फोटो समोर ठेवले, उलटा आणि सुलटा.

दुर्गाबाई सुलट्या फोटोकडं बघत राहिल्या. "म्हंजी माय खरं बोलत होती," त्या हळू म्हणाल्या. "मी बी तिला म्हणायची, तू इसरली. ती मरेस्तोर म्हणायची मी."

"मंग मी थितं बसून कुणाला हाका मारल्या?"

"मावशी, माझी चूक झाली."

"चूक व्हती माणसाकून. तुमाला कळलं कवा?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती, हे त्याला त्या क्षणीही कळलं. "सत्काराच्या दिवशी. दोन वर्षं झाली."

कल्याण झटकन उठला. दुर्गाबाईंनी हातानं त्याला थांबवलं.

"तवा माझे गुडघे चालत व्हते," त्या म्हणाल्या. "तवा रस्ते बी चालू व्हते. आता टीव्हीवर दाखवतात, तिकडं दंगे पेटलेत, कुणाला जाऊ देत न्हाईत. अकरा मैल म्हंजी केवढं? हितून परतूरपस्तोर. दुसऱ्याच महिन्यात गेले असते मी."

"रस्ता उघडला की मी जातो. तुमच्या वतीनं—"

"जा. पर माझ्या वतीनं न्हाई. तुमच्या तुमी जा."

चहा आला, तो तसाच राहिला. मग त्यांनी कल्याणला पुढं पाठवून चारचौघांना पारावर गोळा केलं आणि स्वतःही तिथं आल्या. "दगडावर खरा आकडा घाला. आन् आधी ह्यांना सांगा, तुमच्या तोंडानं."

मुकुंद पारापाशी उभा राहिला. सत्काराला याच गावची माणसं ट्रॅक्टर भरून आली होती. त्यानं सांगितलं: टेकडी चुकली, चूक कळली, आणि मी गप्प बसलो. मागच्यांना ऐकू जावं म्हणून शेवटचं वाक्य तो पुन्हा म्हणाला. लोक ऐकून घेत होते. एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या, साहेब, कोण बघायला जातंय?" त्या बोलण्यानं त्याला अधिकच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाथरवटानं कोळसा पुढं केला. मुकुंदनं दगडावर ३८७० लिहिलं. आकडे वाकडे आले, पुसून पुन्हा लिहिले. पहिला घाव बसेपर्यंत दुर्गाबाई काठी टेकून उभ्या होत्या. मग त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "जा आता. गाडी चुकंल."