भिंतीकडे तोंड केलेला समुद्र

मित्रांनो, भूमध्य समुद्राचा जगातला सगळ्यात देखणा किनारा कोल्हापुरात आहे. यावर वाद नको. महाद्वार रोडच्या मागच्या बोळात शिरायचं, शिंप्याच्या दुकानाशेजारचा अंधारा जिना चढायचा, चपला बाहेर काढायच्या, की आलाच किनारा. रुंदी बारा फूट, उंची नऊ. डावीकडचा थोडा किनारा उंदरांनी खाल्ला आहे. पण किनारे झिजायचेच, त्याला कोण काय करणार!

मी एक जुना पडदा आहे. फोटो स्टुडिओत माणसांच्या मागे टांगतात, तसला. जन्माने मी मांजरपाट. इचलकरंजीजवळच्या कबनूरला एका मागावर विणला गेलो, तेव्हा माझ्या नशिबात फार तर कुणाचा तरी लेंगा होणं लिहिलेलं होतं. पण वसंतराव नावाच्या फोटोग्राफरने मला विकत घेतलं, खळ आणि खडू लावून कडक केलं आणि आकाराम पेंटरांच्या ताब्यात दिलं.

आकाराम सिनेमाचे मोठे फलक रंगवायचे. नायिकेचा एकेक डोळा त्यांनी बैलगाडीच्या चाकाएवढा काढला होता, पण समुद्र कधी पाहिला नव्हता. वसंतरावांनीही नव्हता. दोघांपाशी मिळून एक कॅलेंडर होतं, छपाईच्या शाईच्या एका परदेशी कंपनीचं. त्यात जून महिन्यावर मी होतो. डोंगरउतारावर पिवळी-गुलाबी घरं, लिंबांनी लगडलेली झाडं, निळंशार पाणी, पाण्यात पांढरी नौका आणि नौकेत हातात पेले घेतलेलं एक गोरं जोडपं. पेल्यांत काय असावं, याचा दोघांनी बराच विचार केला आणि शेवटी उसाचा रस रंगवायचं ठरलं.

काम पुरं झालं तेव्हा वसंतराव माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांचं बोट पाण्याच्या मधोमध थांबलं.

"आकाराम, हे काय?"

"म्हसरं."

"समुद्रात?"

"मालक, एवढं पाणी हाय आन् त्यात एक म्हस न्हाय? लोकं म्हणत्याल, चित्र खोटं हाय."

वसंतरावांना ते पटलं. कोल्हापुरात ते कुणालाही पटलं असतं. म्हशी राहिल्या.

मग माझे वैभवाचे दिवस सुरू झाले. माझ्यापुढे प्लास्टरचा कठडा आला, नौकेचं लाकडी सुकाणू आलं, एक गवती टोपी आणि एकच काळा चष्मा आला. तो चष्मा घालून अर्ध्या जिल्ह्याने भूमध्य समुद्राची सफर केली. तालमीतले पैलवान सुकाणू धरून असे उभे राहायचे, की वादळानेच माफी मागावी. नवी जोडपी तर रोज. त्या काळात नवराबायको चारचौघांत हात धरत नसत. वसंतराव काळ्या कापडाखालून सांगायचे, "धरा, धरा. लाजायचं नाही. आपण आत्ता कोल्हापुरात नाही." एवढं म्हटलं की लोक धरायचे. किती संसारांत पहिल्यांदा हातात हात आला तो माझ्या किनाऱ्यावर, हे मी फुशारकीने नाही, नम्रपणे सांगतो.

एकच गोष्ट मनाला लागायची. सगळे माझ्यासाठी यायचे आणि आल्या आल्या माझ्याकडे पाठ करायचे.

एक बाई मात्र निराळी निघाली. हातकणंगल्याकडचे तात्यासो मगदूम नव्या नवरीला घेऊन आले होते. चांगली जैन शेतकरी माणसं, घरचा ऊस, घरच्या म्हशी. वसंतरावांनी नेहमीचं सांगितलं. तात्यासोंनी बायकोचं मनगट धरलं, वैद्याने नाडी धरावी तसं. आणि नवरी, म्हणजे रत्नाबाई, कॅमेऱ्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत राहिल्या.

"वहिनी, कॅमेरा इकडं आहे," वसंतराव म्हणाले.

"बघू द्या की ओ जरा. ह्यो खरा कुठं असतोय?"

"लांब. विमानानं जायला लागतं."

"तिथं वारं सुटत असंल न्हवं?"

तात्यासोंनी मनगट सोडलं नाही. म्हणाले, "नेतो की. औंदाचा ऊस जाऊ दे."

ऊस कारखान्याला गेला. दरवर्षीच जायचा, पण त्याच्या मागोमाग बोअर, घराची स्लॅब, पोराचं कॉलेज हेही निघायचं. मगदूम मंडळी कधी पोराच्या बारशाच्या निमित्ताने, कधी कुणाच्या लग्नाच्या निमित्ताने फोटोला येत राहिली. रत्नाबाई आधी माझ्याकडे बघायच्या, मग कॅमेऱ्याकडे. आणि तात्यासो म्हणायचे, "औंदाचा ऊस जाऊ दे." पुढे पुढे ते हे वाक्य माझ्याकडे बघून म्हणू लागले. मित्रांनो, त्यांच्याबरोबर मीही वाट बघायला लागलो. त्याला कारण होतं. ज्याचं मी चित्र आहे, तो समुद्र मी कधी पाहिलेला नाही. मी त्याच्यासारखा दिसतो का, हे सांगणारं माणूस माझ्या ओळखीत नव्हतं. या दोघांपैकी कुणी जाऊन आलं असतं, तर निदान कळलं असतं.

मग मोबाइल आले. ज्याच्या त्याच्या खिशात स्टुडिओ आला. लग्नाआधीच जोडपी गडांवर आणि धरणांवर जाऊन हात धरू लागली, तेही न सांगता. वसंतराव गेले. स्टुडिओ त्यांच्या मुलीकडे, अवंतिकाताईंकडे आला आणि मी माळ्यावर गेलो. गुंडाळलेल्या समुद्राची दशा सांगण्यासारखी नसते. घरं पाण्यात, लिंबं नौकेत, आणि गोऱ्या जोडप्याच्या डोक्यावर म्हशी. किती पावसाळे मी असे काढले, ते मोजायला तिथे उजेड नव्हता.

यंदा उन्हाळ्यात अवंतिकाताईंनी मला खाली काढलं, झटकलं, टांगलं. माझा ऊर भरून आला. वाटलं, लोकांना पुन्हा चांगली बुद्धी झाली. तेवढ्यात त्यांनी मला उलटा केला. माझी पाठ पांढरी आहे, आणि पासपोर्टच्या फोटोला मागे पांढरंच लागतं. त्यांचा पांढरा पडदा फाटला होता, एवढंच. आयुष्यभर जगाने माझ्याकडे पाठ केली. आता मी जगाकडे केली आणि धंदा बरा चालला.

अशाच एका दुपारी जिन्यावर धाप लागल्याचा आवाज आला.

"ताई, हितला समुद्र कुठं गेला ओ?"

आवाज खरखरीत झाला होता, पण मी ओळखला.

"तोच आहे, काकू. उलटा लावलाय," अवंतिकाताई म्हणाल्या. "तुमच्या व्हिसाला मागं पांढरं लागतं ना."

व्हिसा! माझ्या रंगाचा एक पापुद्रा गळून पडला. ऐकत गेलो तसं कळलं. मगदुमांच्या अनेकांतने, म्हणजे नोकरीला पुण्याला असलेल्या पोराने, आईवडलांची सहल ठरवली होती. जैन मंडळींची सहल, बरोबर आचारी, चातुर्मास लागायच्या आत परत. आणि किनारा माझाच. कॅलेंडरवरचा.

रत्नाबाई खुर्चीवर बसल्या.

"पदर जरा मागं घ्या काकू, दोन्ही कान दिसायला पाहिजेत. आणि हसायचं नाही."

"आता गं बया! समुद्राला जायचं आन् हसायचं न्हाय?"

फोटो झाला. "आता तात्यासो, तुम्ही या," ताई म्हणाल्या. खुर्ची वाजलीच नाही.

"माझा नको. हिचा काढलास, बास झालं."

"आता काय निघालं?" रत्नाबाईंनी विचारलं.

"म्हशीला कोण बघणार?"

"शेजारचा सम्राट बघतोय. कवाच ठरलंय."

"दिस मावळायच्या आत जेवायचं जमणार न्हाय तिथं."

"तिथं दिस रात्री नवाला मावळतोय. दोनदा जेवा."

"विमानात माझं कान दुखत्यात."

"तुमी बसलाय कवा विमानात?"

वर पंखा खडखडत होता. मग तात्यासो अगदी हळू बोलले, उसाच्या रानात कधी बोलले नसतील इतकं हळू.

"रत्ना, न्यायचं म्या हुतं. हितं, ह्या जाग्यावर म्हटलं हुतं. आता पोरगा नेतोय. आन् मी काय मागनं पिशवी धरून यायचं व्हय?"

मित्रांनो, माझ्यासमोर आयुष्यभर लोकांनी उसनं हसू आणून फोटो काढले. एकदाच कुणीतरी खरं बोललं, आणि नेमकं तेव्हा माझं तोंड भिंतीकडे होतं. रत्नाबाईंचा चेहरा मला दिसला नाही. त्या फोटो फाडायला सांगतात की काय, या भीतीने मी नुसता लटकत राहिलो.

"पोरगा येतोय कुठं?" त्या म्हणाल्या. "त्यानं तिकिटं काढल्यात नुसती. तिथं एवढ्या गर्दीत मला कोण नेणार? आन् समुद्र एकटीनंच बघायचा असता, तर रत्नागिरीला एसटी जातीया की. सकाळी जाऊन रात्री परत. कवाच बघून आले असते मी."

मग खुर्ची करकरली.

"काढ पोरी," तात्यासो म्हणाले. "कान ह्ये असंच हाईत माझं, आधीच सांगतो."

"तात्यासो, हसू नका."

"मी कुठं हसतोय?"

"हसताय."

"न्हाय की!"

तो फोटो घ्यायला अवंतिकाताईंना फार त्रास झाला.

निघताना रत्नाबाई माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरल्या. पदराला चुना लागला, त्याची त्यांनी पर्वा केली नाही. त्यांचे केस पुरे पिकले होते, मी पुरा विटलो होतो. माझ्या पाण्यावर, जिथे आकारामांनी निळा जाड लावला होता तिथे, त्यांनी तळवा टेकवला.

"येते बघून," त्या कुजबुजल्या. "तू ऱ्हा हितंच."

जणू मीही कुठे निघालो होतो!

आता ती दोघं तिकडे पोचली असतील. दिवस नवाला मावळत असेल. तात्यासोंनी मनगट धरलंय की हात, कोण जाणे. वारा नक्की सुटला असेल. रत्नाबाई आधी पाण्याकडे बघत असतील आणि कॅमेरेवाला ओरडत असेल. माझी त्यांना आठवण येईल का? आली तर त्या काय म्हणतील, "अगदी तसाच हाय" की "आमचाच बरा हुता"? मी दोन्ही उत्तरं मनात लावून बघतो. रोज बघतो. कधीही न पाहिलेल्या पाण्याची इतकी ओढ मांजरपाटाला शोभत नाही, हे मला कळतं.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. जुन्या वस्तूंवर माया करा, त्यांना माळ्यावर टाकू नका, त्यांच्या पोटात काय काय गुंडाळून ठेवलेलं असतं याची तुम्हाला कल्पना नसते, असा उपदेश मी या ठिकाणी करणार होतो. मोठा तयार करून ठेवला होता. पण तो राहू द्या. तुमच्यापैकी कुणी पासपोर्टचा फोटो काढायला इकडे आलंच, तर फोटो झाल्यावर मागच्या फटीत हात घालून एक टाळी तेवढी वाजवा. भिंतीवर एक पाल आहे, आणि ती सकाळपासून माझ्याकडे एकटक बघते आहे.