चतुराबाईंच्या हातची पूजा

पडद्यावर प्रोसेसर दिसत होता, रॅम दिसत होती, पंखा किती वेगानं फिरतोय तेही दिसत होतं. फक्त एसएसडीचा, म्हणजे जिच्यात सगळं साठवायचं त्या बोटभर डिस्कचा, पत्ता नव्हता. तनुजानं नवंकोरं मशीन पुन्हा बंद करून चालू केलं. डिस्कच्या नावापुढची जागा कोरी ती कोरीच.

तिला डिस्कपेक्षा दाराशी बसलेल्या सासूची काळजी होती. चतुराबाई मेथी निवडत होत्या, पण काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात चालली होती.

त्याचं असं झालं. तनुजा घरी बसून कारखान्यांची ड्रॉइंग करून देते, त्यासाठी हा कॉम्प्युटर तिनं स्वतः जोडायला घेतला. चिकलठाण्याच्या या घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं, मग ती गाडी असो की मिक्सर. आणि ते लावायचा मान चतुराबाईंच्या धाकट्या जाऊबाई वच्छलाबाईंचा. यजमान गेल्यापासून चतुराबाई अशा वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसतात. तनुजाला हे कधीच पटलं नव्हतं. या वेळी तिनं हट्टच धरला. "आत्याबाई, मशीन माझं हाय. पूजा तुम्हीच करायची."

"करा बाई," वच्छलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. "नंतर आम्हाला बोल लावू नका."

चतुराबाईंनी उघड्या मशीनला कुंकवाचं बोट टेकवलं, अक्षता वाहिल्या, डोळे पुसले. तनुजानं अक्षता ब्रशनं झाडल्या आणि डिस्क बसवली. आणि आता हे असं.

"लागलं का गं?"

"लागतंय, आत्याबाई. सेटिंगचं काम हाय."

सेटिंग सगळ्या उलथून झाल्या होत्या. शेंद्र्याला ड्यूटीवर असलेला नवरा, कृष्णा, फोनवर म्हणाला, "डिस्कच खराब असंल. परत दे दुकानात." परत द्यायची तर अंगणातून जावं लागणार. अंगणात वच्छलाबाई बसल्या होत्या आणि त्यांना उठायची अजिबात घाई नव्हती.

"मी म्हणलं नव्हतं?" चतुराबाई मेथीकडं बघतच बोलल्या. "माझा हात नकोच होता. यापुढं मला पूजेला बोलवायचं नाय."

त्या रडल्या असत्या तरी बरं झालं असतं. तनुजाला स्वतःचाच राग आला. मोठ्या हौसेनं बाईला पुढं केलं आणि तोंडघशी पाडलं.

तिनं वीज बंद केली आणि डिस्क काढून खालच्या दुसऱ्या खाचेत बसवली. घाईत स्क्रू दोनदा निसटला. बटण दाबलं. पडद्यावर डिस्कचं नाव आलं. तिच्या जिवात जीव आला.

म्हणजे डिस्क चांगली होती. मग वरच्या खाचेला काय झालं? मशीन पुन्हा बंद करून तिनं मोबाईलचा उजेड आत पाडला. खाचेच्या तळाशी तांदळाचा दाणा रुतला होता, कुंकवानं लाल झालेला. डिस्क पूर्ण आत गेलीच नव्हती.

दाणा तिनं सुईनं काढला, डिस्क पुन्हा वरच्या खाचेत बसवली आणि बटण दाबलं; नाव लगेच आलं. दाणा खिडकीबाहेर टाकून स्क्रू ढिला होता म्हणावं, हा पहिला विचार. पण आत्याबाई कसल्या ऐकतात. स्क्रूचं नाव निघालं तरी मनात दोष हातालाच जाणार. तिनं तळहात पुढं केला.

"हा अडकला होता. मी नीट झाडलं नाय."

चतुराबाईंनी दाणा चिमटीत उचलून उजेडात धरला. "एवढाच?"

"एवढाच. वच्छलाकाकींनी टाकला असता तरी अडकलाच असता."

तेवढ्यात वच्छलाबाई दारात आल्या. "बंद पडलं म्हणं?"

तनुजा तोंड उघडायच्या आत चतुराबाई उठल्या. "माझ्या अक्षतेचा दाणा अडकला होता. काढला. चालू झालं." मग देव्हाऱ्यापाशी जाऊन त्यांनी करंडा घेतला, बोट कुंकवात बुडवलं आणि जावेसमोर उभ्या राहिल्या. "ये. घरात नवी वस्तू आलीय, कुंकू घेऊन जा."

वच्छलाबाईंनी त्या बोटाकडं पाहिलं, मग तनुजाकडं. बोट तसंच पुढं राहिलं. तनुजाचा जीव पुन्हा टांगणीला लागला.

वच्छलाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला, उंबरा ओलांडला आणि कपाळ पुढं केलं.