वहिनींनी निवडलेला कॉम्प्रेसर

मशिनांतली धूळ हवेच्या झोताने उडवणारा यार्डातला जुना कॉम्प्रेसर मंगळवारी सकाळी गेला, कुणालाही त्रास न देता. टाकीचा तळ गंजून गंजून कागदासारखा झाला होता. फुस्स झालं आणि संपलं. मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं, भोकात बोट घातलं, बोट पँटला पुसलं आणि जिना चढून वहिनींना सांगायला गेले.

वहिनी म्हणजे यार्डाच्या मालकीणबाई. यार्डात खोदाईची दोन मशिनं, एक रोलर आणि एक बुलडोझर. रस्त्यांच्या आणि खाणींच्या कामावर ती भाड्याने जायची. सगळा कारभार यजमानांचा. पण पाच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि कारभार वहिनींच्या गळ्यात पडला. तोवर यार्ड म्हणजे घराच्या खाली काहीतरी सतत धडधडत असतं, एवढंच त्यांना ठाऊक.

"नवा घ्यावा लागेल," मिस्त्री म्हणाले.

"मशिनं नुसती पाण्याने धुतली तर?"

"बाहेरून धुवा की. पण रेडिएटरच्या जाळीत बसलेल्या धुळीवर पाणी मारलं की तिचा चिखल होतो, आणि चिखल वाळला की वीट. मग मशीन तापतं आणि भर खाणीत बसून राहतं."

"मग कुठला घेऊ?"

मिस्त्रींना बावीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मालक स्वतः ठरवायचे आणि मिस्त्री मागाहून नावं ठेवायचे, अशी कामाची वाटणी होती. ते जरा सावरून उभे राहिले.

"मोठ्या टाकीचा. दोन सिलिंडरचा, पट्ट्यावर चालणारा."

"आवाज?"

"असतो."

वहिनींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. यजमानांचा पलंग यार्डाकडच्या खिडकीशीच होता, आणि डॉक्टरांनी पूर्ण शांतता सांगितली होती. मिस्त्रींनीही तिकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळून टाकलं.

दुकानात वहिनी एकट्याच गेल्या. दुकानदार इस्त्रीच्या शर्टातला, अतिशय अदबशीर माणूस. त्याने एक छोटा, निळाशार कॉम्प्रेसर चालू केला आणि त्याच्या शेजारी उभं राहून कुजबुजत बोलून दाखवलं. "ऐकू येतंय ना, ताई? आणि दाब म्हणाल तर मोठ्याइतकाच." वहिनींना त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी तोच घेतला.

गुरुवारी मिस्त्रींनी त्यावर बुलडोझर साफ करायला घेतला. वर खोलीत नुसती गुणगुण पोचत होती. वहिनी स्वतःवर खूश होऊन खिडकीशी बसल्या होत्या. तासाभराने यजमानांनी डाव्या हाताने पाटी ओढली, बराच वेळ खरडत राहिले आणि पाटी वहिनींपुढे धरली. वेड्यावाकड्या अक्षरांत दोन शब्द होते. थांबत नाही.

"काय थांबत नाही? दुखतंय का कुठे?"

यजमानांनी डोळे मिटून घेतले.

"छातीत? डोक्यात?"

यजमानांनी पाटीवर बोट आपटलं. वहिनींनी डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर आले. छाती तपासली, पोट दाबलं, डोळ्यांत बॅटरी मारली. "रक्तदाब थोडा वाढलाय. बाकी काही सापडत नाही. कशाचा त्रागा करून घेतलाय का?"

"कशाचा करतील? मी तर चिटपाखरूसुद्धा फिरकू देत नाही इथे."

तेवढ्यात मिस्त्री आले. मालकांना पलंगावरून खुर्चीत बसवायला ते रोज दुपारी वर येत. त्यांनी पाटी वाचली, खिडकीबाहेर कान दिला आणि म्हणाले, "बरोबर बोलतायत मालक."

"कशाबद्दल?" डॉक्टर आणि वहिनी एकदमच म्हणाले.

"मोटर. टाकी भरली की मोटर थांबली पाहिजे, जरा विसावली पाहिजे. आपण हवा वापरली की मग पुन्हा चालू. हा चिमुकला जेवढी हवा करतो त्याहून जास्त हवा मारायची गनच खाते. खाली माणूस मी बसवलाय, काम चालूच आहे, आणि मोटर सकाळपासून एकदाही थांबलेली नाही. आठवड्याभरात जळेल. दाब आहे हो त्याला. पण दाब नको, हवा हवी."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही आवाज म्हणालात, वहिनी. मला वाटलं, मालकांच्या जिवापेक्षा मोटर काही मोठी नाही."

डॉक्टरांनी बॅग बंद केली आणि औषध आहे तेच चालू ठेवा, म्हणून सांगितलं.

वहिनी यजमानांच्या समोर बसल्या. पाच महिने त्या त्यांना फक्त भूक आहे का, तहान आहे का, एवढंच विचारत होत्या. "अहो, मोठा आणू का? फार आवाज करेल."

यजमानांनी बाहीने पाटी पुसली आणि लिहिलं : आण.

दुकानदार म्हणाला, वापरलेला माल परत घेत नाही. वहिनी म्हणाल्या, "नका घेऊ. उद्या येऊन आमचा रोलर तेवढा साफ करून दाखवा यावर. तुमच्या हातून झाला तर मी एक शब्द काढणार नाही."

तो आला. त्याने गन हातात घेतली, पाच मिनिटं जोरात हवा निघाली, मग ती दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. त्याने मोटर थांबायची वाट पाहिली. वहिनीही खुर्ची टाकून वाट पाहत बसल्या. अर्ध्या तासाने त्याने मोटरला हात लावून पाहिला आणि लगेच काढला. "बदलून देतो, ताई," तो म्हणाला. या खेपेस तो कुजबुजला नाही.

मोठा कॉम्प्रेसर यार्डाच्या पार टोकाला, गोदामामागे, जाड रबराच्या तुकड्यांवर बसवला आणि तिथून लांब नळी पुढे आणली. चालू केल्यावर त्याने गडगडाट केला. वहिनींनी वर खिडकीकडे पाहिलं. यजमान डाव्या हाताने खिडकीचं दार ढकलत होते. आधी वहिनींना वाटलं, लावून घेतायत. ते उघडत होते. थोड्या वेळाने टाकी भरली, खटका पडला आणि मोटर गप्प झाली.

"द्या इकडे," वहिनी म्हणाल्या आणि मिस्त्रींच्या हातून गन घेतली. मिस्त्रींनी त्यांना आपला धुळीचा चष्मा दिला.

"रेडिएटरला आतून बाहेर मारायची हवा. धूळ ज्या वाटेने आली त्याच वाटेने तिला परत पाठवायची. आणि फार जवळून नको, जाळीच्या पाकळ्या वाकतात."

वहिनींनी हातभर अंतर ठेवलं आणि खटका दाबला. दोन खाणींची धूळ एका दमात बाहेर आली. मिस्त्री पलीकडच्या बाजूला उभे होते. ढग खाली बसल्यावर ते दिसू लागले, भुवयांपर्यंत पांढरे.

"जमतंय," ते म्हणाले. "आता जरा डावीकडे."