स्वच्छ चौकट

पडद्यावर ऋषिराजचा फोटो आला आणि बारामतीच्या त्या सभागृहात टाळ्या वाजल्या. सुधाबाईंनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

रंगीत पखुर्डीची मादी, उघड्या जमिनीवर अंड्यांवर बसलेली. शेळगावच्या माळावर हा पक्षी नुसता दिसायलाही नशीब लागतं. घरटं तर बाईंनी सबंध आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. उजेड सुरेख, पिसांवरची रेघ न् रेघ मोजावी अशी, मागे मऊ तांबूस रंग. एकही काडी आडवी नाही. आणि डाव्या कडेला बोराटीच्या काटेरी झुडपाची तीन खुंटं. टोकं पांढरी, तिरपी. कोयत्यानं तोडलेली.

"चौकटीत नको ते ठेवायचं नाही," ऋषिराज माईकवर सांगत होता, "हे मला सातवीत चित्रकलेच्या बाईंनी शिकवलं. त्या आज समोर बसल्यात."

लोक वळून बाईंकडे बघत टाळ्या वाजवू लागले.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी त्याला जिन्यात गाठलं.

"बोराटी कुणी तोडली?"

"पक्ष्याच्या डोळ्यावर फांदी येत होती, बाई. तीन-चारच तोडल्या. पक्षी परत येऊन बसला की."

"कधीची गोष्ट?"

"मंगळवारची."

"आज शुक्रवार. गाडी काढ."

"आत्ता? जेवणं व्हायचीत, पाहुणे थांबलेत."

"गाडी काढ म्हणते ना."

चौतीस वर्षांचा, घरचा ऊसवाला गडी मुकाट्यानं किल्ली शोधायला लागला.

गाडी शेळगावच्या रस्त्याला लागली. चाळीस वर्षांपूर्वी त्या जळोचीहून एसटीनं या माळावर यायच्या. उसना कॅमेरा आणि छत्तीस फोटोंचा एकच रोल. तेव्हा माळ नजर पोचेल तिथवर होता. आता दोन्ही अंगांनी ऊस चढत आलेला. पहिल्या घरट्यापाशी त्या तीन रविवार पालथ्या पडल्या होत्या. फांदी आड येते म्हणून वीतभर डावीकडे, मग अजून वीतभर. कोपरं सोलून निघाली. शेवटी दोन फांद्यांच्या फटीतून पखुर्डीचा डोळा दिसला, तेव्हा एकदाच बटण दाबलं. तो फोटो त्यांनी पुढे ऋषिराजच्या वर्गात दाखवला आणि सांगितलं, चौकटीतून नको ते काढून टाका. आपण सरकायचं असतं, हे सांगायचं राहून गेलं. ते काय सांगायचं, असं वाटलं होतं.

माळावर सारजा शेळ्या चारत होती. ऋषिराजला घरटं तिनंच दाखवलं होतं.

"ह्यानं कोयता मागितला, बाई. म्या म्हनलं, च्या करायला काटक्या पायजेल आसतील. दिला. पाखरू दोन दिस उन्हात चोच उघडी टाकून बसलं हुतं. काल दुपारी उठलं ते काय आलं न्हाय."

"येईल की, काकू."

"कशाला यील? तुज्या फोटूला?"

बाई वाकल्या आणि एक अंडं उचललं. तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखं ते तापलं होतं. जसं होतं तसं त्यांनी ते उरलेल्या दोन अंड्यांपाशी ठेवलं.

"पुढच्या वेळी नाही तोडणार," ऋषिराज म्हणाला.

"पुढच्या वेळी. कुणाचं घर उघडं करणार आहेस पुढच्या वेळी?"

"मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल."

हे खरं होतं, म्हणून बाईंचा राग आणखीच चढला.

"खाली बस."

"हितं?"

"हो, अंड्यांच्या शेजारी. टोपी काढ."

त्यानं सारजाकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती. तो बसला.

बाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग डोक्यावरचा पदर खाली घेतला आणि गुडघ्यांवर हात टेकत त्याही बसल्या. दुपारचे दोन वाजले असतील. जमिनीची धग साडीतून वर चढत होती. काही वेळानं ऋषिराज कपाळ पुसत उठायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"अजून नाही."

दोघांच्या मधे तीन अंडी होती. सारजा शेळ्यांना हाकत निघाली होती, आणि त्या तेवढ्या जागेला लांबून वळसा घालून त्यांना पलीकडे नेत होती.