वहिनींचे तोंड

सकाळपासून दुभाषिणीचे चित्त थाऱ्यावर नव्हते. दूध उतू गेले, लेकीची वेणी दोनदा सोडून घालावी लागली, आणि निघायची वेळ झाली तरी एका पायातली चप्पल सापडेना. तसे काही घडले नव्हते. धाकटा भाऊ आरशासमोर भांग पाडत होता, त्याची बायको चहाचे कप मांडत होती, आणि वहिनी, म्हणजे वारलेल्या थोरल्या भावाची बायको, खिडकीपाशी बसून शिलाई मशीनच्या बॉबिनवर दोरा भरत होत्या.

"वहिनी, आज प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस," भाऊ आरशातूनच म्हणाला. "बाई विचारतील, पुढे संस्थेचं प्रमुख कोण राहणार. काय ते मी बोलेन. तुम्ही फक्त मान हलवा."

वहिनींनी तिथल्या तिथे मान हलवली, जणू रंगीत तालीमच.

त्या शहरात नवरा गेलेल्या बाईला 'तोंड' लागते. दीर, सासरा, हाताशी आलेला मुलगा, कुणीतरी पुरुष. बँकेत जा, शाळेत जा, दवाखान्यात जा, पहिला प्रश्न ठरलेला: "यांचं तोंड कोण?" मग तो पुरुष पुढे होतो आणि बाईच्या पोटात कुठे दुखते तेही तोच सांगतो. कायद्यात असे काही नाही. पण बिचारीला चारचौघांत बोलावे लागू नये म्हणून आपण ही काळजी घेतो, असे लोक म्हणतात. काळजीच्या नावाखाली माणसाची वाचा काढून घ्यायची आणि वर उपकारही चढवायचे, यात आपला हात कुणी धरणार नाही.

थोरला गेल्यावर वहिनींनी एका मशीनवर शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते. शेजारच्या दोघी आल्या, मग गल्ली आली, आणि बघता बघता बायकांची संस्था उभी राहिली. मशीनपाशी वहिनी बोलायच्या, रागवायच्या, चेष्टामस्करी करायच्या. बैठक बसली की त्यांच्या खुर्चीमागे भाऊ येऊन उभा राही आणि त्यांची दातखीळ बसे. भाऊचे विजेच्या सामानाचे दुकान होते, पण शिवणाऱ्या बायका आपसात त्याला 'वकीलसाहेब' म्हणत. अशिलाला न विचारता वकीलपत्र घेणारा वकील.

आता परदेशातल्या एका मोठ्या संस्थेने अशा लहान संस्थांची 'क्षमताबांधणी' करायला एक प्रशिक्षिका पाठवली होती. बाई मनाची चांगली. भिंतीवर रंगीत कागद चिकटवायची तिला भारी हौस, म्हणून बायकांनी तिचे नाव ठेवले चिकटबाई. प्रशिक्षण संपले की संस्थेच्या प्रमुखाने तिच्या देशात जाऊन आणखी शिकायचे आणि परत येऊन संस्था चालवायची, असे ठरले होते. भाऊने प्रवासाची बॅग आधीच पसंत करून ठेवली होती.

आणि या दोघांच्या मधे ही दुभाषीण. सासरचा मार सोसवेना तेव्हा लेकीचे बोट धरून भावाच्या घरी आली. परदेशी भाषा तेवढी पोटापाण्याला उपयोगी पडली. चिकटबाई वहिनींना विचारी, भाऊ उत्तर देई, आणि दुभाषीण सांगे, "त्या म्हणतात..." खाल्ल्या मिठाला जागायचे, आपण कशाला मधे पडा, असे तिने मनाला बजावले होते. मन मात्र ऐकत नव्हते. सारखे कुठेतरी कुसळ टोचत होते.

त्या दिवशी प्रशिक्षणाच्या जागी, चहाच्या सुट्टीत चिकटबाईने तिला खिडकीपाशी बोलावले आणि हळूच विचारले, "प्रमुखबाई जन्मापासूनच मुक्या आहेत का?"

दुभाषिणीला वाटले, आपल्याला शब्दच नीट कळला नाही. तिने पुन्हा विचारले. शब्द तोच होता.

"मला आधी कळवायला हवं होतं. खुणांच्या भाषेची शिक्षिका आणली असती," चिकटबाई कळवळून म्हणाली. "पण त्यांचे दीर किती मायेने सांभाळतात. नुसत्या मानेवरून सगळं ओळखतात. परदेशात एकटीला जमायचं नाही, तेव्हा दिरांनाच प्रमुख करावं, असं मी कळवणार आहे."

दुभाषिणीने हातातला कप तिथेच ठेवला. ती तशीच मागच्या नळापाशी गेली. वहिनी कप विसळत होत्या.

"काय म्हणत होत्या, वन्सं?"

"त्यांना वाटतं, तुम्ही मुक्या आहात."

वहिनी हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, मग हसू ओसरले आणि पाणी तेवढे राहिले.

"त्यांचं काय चुकलं? इतके दिवस त्यांनी माझा आवाज कुठे ऐकलाय?" त्यांनी नळ बंद केला. "बरं, मी काय काय बोलले, ते तरी सांगाल का?"

दुभाषिणीला मान वर करवेना. "तुम्ही म्हणालात, मी आता थकले. म्हणालात, हे काम बाईमाणसाच्या आवाक्यातलं नाही. भाऊजींनीच बघावं."

"मी थकलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "थकायला मला फुरसत कुठे होती? आणि हे काम गेलं तर मी सकाळी उठून जायचं कुठे? त्या घरातल्या भिंतींकडे बघत बसायचं?"

"मग तुम्ही बोला ना आज."

"ते मागे उभे राहिले की जीभ टाळ्याला चिकटते माझी. शिवाय राहायचं त्यांच्याच घरात. मला, आणि तुम्हालाही."

घंटा झाली. चिकटबाईने भिंतीवरचा हिरवा कागद सारखा केला आणि वहिनींकडे पाहून विचारले, यापुढे संस्थेचे प्रमुख कोणी व्हावे असे तुम्हाला वाटते? दुभाषिणीने ते सांगितले. भाऊ खाकरला.

"वहिनी म्हणतात, त्यांना आता विश्रांती हवी. जबाबदारी माझ्यावर सोपवावी."

वहिनींची मान हलली. लेकीची शाळा, अंथरूण, डोक्यावरचे छप्पर, सगळे दुभाषिणीच्या डोळ्यांपुढून गेले.

"ताई, सांग की त्यांना," भाऊ म्हणाला.

तिने सांगितले. आधी परदेशी भाषेत, आणि लगेच सगळ्या बायकांना कळावे म्हणून आपल्या भाषेत.

"हे त्या बोललेल्या नाहीत. त्यांचे दीर बोललेत. आजवरची सगळी उत्तरं दिरांची होती, आणि मी तुम्हाला खोटं सांगत आले. त्या मुक्या नाहीत. आम्ही त्यांना मुकं ठेवलंय."

चिकटबाईचा चेहरा उतरला. बाईचे तोंड बांधलेले असताना आपण तिची क्षमता बांधायला निघालो होतो, हे तिच्या आता ध्यानात आले. ती वहिनींसमोर खुर्ची ओढून बसली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"वहिनींना असं वाटतं की..." भाऊने सवयीने सुरुवात केली.

"वकीलसाहेब, तुम्हाला नाही विचारलं," मागून शिवणाऱ्यांतली काजेबटणवाली म्हणाली.

वहिनींनी आधी पाणी मागितले. ते प्यायल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मीच प्रमुख राहणार. शिकायलाही मीच जाणार. भाऊजींचे उपकार आहेत, पण ही संस्था त्यांनी शिवलेली नाही."

दुभाषिणीने शब्दाला शब्द सांगितला. भाऊ तोवर दाराबाहेर पडला होता.

संध्याकाळी दोघी घरी आल्या तेव्हा तो दारातच उभा होता. मागे त्याची बायको, तिच्या कडेवर दुभाषिणीची लेक पेंगुळलेली.

"चारचौघांत माझी अब्रू घालवलीत," तो म्हणाला. "आता या घरात तुम्हा दोघींना जागा नाही. आणि हे मी एकटा म्हणत नाही. हिचंही तेच म्हणणं आहे."

दुभाषीण दिवसभरात शिणली होती, पण आता थांबणे तिला जमण्यासारखे नव्हते. भावाला ओलांडून तिने भावजयीकडे पाहिले.

"खरंच तू असं म्हणालीस?"

भावजय गोंधळली. नवरा हयात असलेल्या बाईला असा प्रश्न कुणी विचारत नाही. तिला या घरात येऊन इतकी वर्षे झाली, दुभाषिणीनेही तो कधी विचारला नव्हता. तिने कडेवरची पोर सावरली.

"मी असं म्हटलेलं नाही," ती म्हणाली. "दोघी इथेच राहतील. आणि उद्यापासून मीही जाणार आहे, मशीन शिकायला."

भाऊने बोलायला तोंड उघडले, पण आता कुणाच्या वतीने बोलावे, तेच त्याला सुचेना.