कोल्टरच्या धारेवर बर्फ आहे

यंदा आमच्या बाजूला सात आठवडे आभाळ नुसतं गळत होतं. खालच्या वाटा चिखलात, वरच्या बर्फाखाली. अशा वेळी डोंगरवाटांच्या वेबसाइटवर जो तो दुसऱ्यानं लिहिलेलं वाचतो: कधी गेलात, चिखल किती, बर्फ कितव्या मैलाला लागला. तिथं माझ्या शब्दाला वजन आहे. पोस्टात एकतीस वर्षं काढलेला माणूस मी. वेंडलनं लिहिलं म्हणजे झालं, असं लोक म्हणतात आणि मला ते ऐकायला आवडतं.

खिंडीपलीकडची कोल्टरची डोंगरधार मात्र कोरडी ठणठणीत होती. ढग तिथं पोचेपर्यंत रिकामे होतात. गेल्या वर्षी कुणीतरी हे लिहून टाकलं आणि पुढच्या शनिवारी सिएटलच्या शंभर गाड्या तिथं हजर. कुत्री काय, गाणी काय, माझं डोकंच फिरलं. म्हणून यंदा मी आधीच लिहिलं, ‘कोल्टर: पहिल्या मैलापासून गुडघाभर बर्फ. महिनाभर फिरकू नका. त्यापेक्षा स्पिंडलच्या ओढ्याची वाट मोकळी आहे.’ स्पिंडलला मी गेलोच नव्हतो. एप्रिलमध्ये दरवर्षी मोकळी असते, म्हणून ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी एकटाच कोल्टरला गेलो.

त्याच दिवशी लोर्ना स्पिंडलला गेली.

लोर्ना माझी शेजारीण, वय एकाहत्तर. पस्तीस वर्षं आम्ही बरोबर डोंगर हिंडलो, कोल्टर तेवढं तिचं राहून गेलं होतं. ऑक्टोबरात तिचा गुडघा बदलला. हिवाळाभर ती घरातल्या जिन्यावर चढउतार करत राहिली, वसंतात एक तरी वाट पुरी करायचीच म्हणून. मे उजाडेपर्यंत ती बाहेर पडणार नाही असं मी धरून चाललो होतो. विचारायला काय झालं होतं मला?

ओढ्यावरचा बर्फ वरून घट्ट दिसत होता, खालून पाण्यानं पोखरलेला. नव्या गुडघ्याचाच पाय आत गेला आणि मांडीचं हाड मोडलं.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा ती उशीला टेकून बसली होती.

“ये. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का केलंयस? पाय माझा मोडलाय.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

“घरात काठी घेऊन चाला म्हणतात. डोंगर विसरा.” तिनं पांघरूण सारखं केलं. “चूक माझीच रे. वाट मोकळी आहे म्हणून तू लिहिलं होतंस, मीच कुठंतरी भरकटले असणार. अन् तुझ्या लिहिण्याखाली एका पोरीनं लिहिलं होतं, कोल्टर कोरडी आहे म्हणून. मी झापलं तिला. म्हटलं, वेंडलपेक्षा तुला जास्त कळतं का गं?”

मी गप्प बसलो असतो तर तिला कधीच कळलं नसतं. तसा विचार माझ्या मनात आला, आणि चांगला दोन-तीन मिनिटं टिकला. त्याची मला अजून लाज वाटते.

“ती पोरगी बरोबर होती,” मी म्हणालो. “कोल्टरवर बर्फ नव्हता. गर्दी नको म्हणून मी खोटं लिहिलं. अन् स्पिंडल मी बघितलंच नव्हतं.”

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“त्या दिवशी तू कुठं होतास?”

“कोल्टरला.”

“मग सांग कसं होतं. पहिल्या पावलापासून. अन् आता खोटं नको.”

मी सांगितलं. मातीवर बुटांचे ठसेसुद्धा उमटत नव्हते इतकी वाट कोरडी होती. दुसऱ्या मैलानंतर सगळा उतार पिवळ्या फुलांनी भरला होता. वर ऊन होतं, मी जाकीट काढून सफरचंद खाल्लं. ती डोळे मिटून ऐकत होती.

“चढ कसा आहे?”

“मंद आहे. वाट रुंद आहे.”

“मग या गुडघ्यानं मी कुठवर गेले असते?”

मी खाली बघत होतो.

“शेवटपर्यंत गेली असतीस,” मी म्हणालो.