लोकरीचं काळं अस्वल आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. शिवणाची नव्हे, विणकामाची. तीही दुकानातून आणलेली नाही. बल्लारपूरच्या इतवारी नावाच्या सायकलवाल्यानं चाकाची एक तार मधोमध तोडली, दोन्ही तुकडे कानशीनं घासून टोकदार केले आणि मागं लाखेचा एकेक मणी बसवला. त्यातली एक मी, दुसरी माझी बहीण.

आम्हाला करवून घेतलं सत्यशीलाबाईंनी. त्या नर्स होत्या. शेजारच्या इंदुताईंनी त्यांना चिडवलं होतं, "स्वेटर तं कोनीबी विणते. अंगठ्याएवढं माकड विणून दाखव, शेपटासकट." बाजारातल्या सुया त्यासाठी फारच जाड. आमच्यावर मात्र ते माकड आठ दिवसांत उतरलं. मग मफलर गुंडाळलेला उंदीर झाला, छत्रीवाला बेडूक झाला, चष्मा लावलेली घूस झाली. कॉलनीतल्या बाया ती तळहातावर घेऊन बघायच्या आणि बाईंचं कौतुक करायच्या. आमचं कोणी केलं नाही, पण असो.

१९८४ साली बाईंची बदली जंगलातल्या एटापल्लीला झाली. दवाखान्यामागं एक खोली, तिला एक खिडकी. संध्याकाळी त्या इवलीशी खार विणायच्या, खिडकीत ठेवायच्या आणि तिच्याकडं बघत एकट्याच जेवायच्या. दाखवायला कोणी नव्हतं. 'अजून लहान जमतं का पाहू,' असं स्वतःशीच म्हणत त्या पुढचं खेळणं आणखी लहान करायच्या. मला त्यांची फार कणव यायची.

मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत एका माडिया आदिवासी बाईला बाजेवर घालून दवाखान्यात आणलं. अस्वलानं तिचा चेहरा फाडला होता. सोबत सात-आठ वर्षांची लेक होती, बुधरी. आईच्या तोंडावर नुसत्या पट्ट्या, त्यामुळं पोरीला ती आपली आई वाटेचना. ती खाटेजवळ जाईना, बोलेना, जेवेना. आई हात पुढं करून बोलवायची आणि पोर भिंतीला चिकटून बसायची. असे तीन दिवस गेले.

बाईंना राहवलं नाही. पोरीला हसवायचं म्हणून त्यांनी दुपारभर बसून अंगठ्याएवढं काळं अस्वल विणलं, लाल टोपीचं. इतकं सुबक काम आमच्या हातून कधी झालं नव्हतं. बाईंनी ते बुधरीच्या हातात ठेवलं. तिनं पाहिलं, किंचाळून ते फेकलं आणि लांबच्या खाटेखाली शिरली.

दवाखान्यातला चपराशी मुखरू जवळच उभा होता. त्याला माडिया बोली यायची. तो हळूच म्हणाला, "सिस्टरबाई, अस्वलानंच तं तिच्या मायले फाडलं. काऊन दिलं हे?"

बाईंनी ती जखम रोज स्वतःच्या हातांनी धुतली होती. त्याच हातांनी अस्वल विणताना त्यांच्या मनात काही आलं नाही. शहरातल्या माणसाचं अस्वल दुकानाच्या काचेमागं असतं, टोपी घातलेलं. बाई खोलीत येऊन रडल्या. मित्रांनो, त्या कामात मीही होते, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बाई वॉर्डात जमिनीवरच बसल्या. अस्वलाची टोपी काढून, डोक्यावरची गाठ कापून त्यांनी एक ओळ उसवली आणि धाग्याचं टोक बुधरीकडं सरकवलं. ती हळूहळू जवळ सरकली. मग तिनं धागा ओढला. कान गेले. तिनं जोरात ओढला. डोकं गेलं, पोट गेलं, आतला कापूस खाली पडला. राहिली मूठभर लोकर. ती घेऊन बुधरी उठली, थेट आईच्या खाटेशी गेली आणि तिच्या हातात देऊन काहीतरी बोलली.

"काय म्हणते रे?" बाईंनी विचारलं.

"मेलं ते, म्हणून राह्यली," मुखरू म्हणाला.

त्या दिवशी ती आईच्या हातून भात जेवली.

पुढं बुधरीनं त्याच लोकरीची 'कोर' मागितली. कोर म्हणजे कोंबडी, असं मुखरूनं सांगितलं. बाई ती रोज दोन-चारच ओळी विणायच्या, कारण आता विणताना त्यांना सोबत होती. पोर त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायची. पण कोंबडी अर्धीच झाली होती तोवर आई बरी झाली आणि घरची माणसं न्यायला आली. लांब चालायचं होतं, थांबायला कोणी तयार नव्हतं. नेमकी तेव्हा ओळ संपली होती. सगळे टाके बहिणीवर होते आणि मी रिकामी होते. बुधरी कोंबडी सोडेना. टाके गळू नयेत म्हणून बाईंनी बहिणीच्या टोकाला इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच लावलं आणि सुईसकट कोंबडी तिला देऊन टाकली.

तेव्हापासून मी साबणाच्या डबीत एकटी आहे. एका सुईनं विणता येत नाही. बाईंना दुसरी करून घेता आली असती, पण त्यांनी घेतली नाही. कधीमधी डबी उघडतात, माझा गंज पदरानं पुसतात आणि पुन्हा ठेवून देतात. मला अजिबात करमत नाही.

मित्रांनो, कोणाला काही द्यायचं असेल तर त्या माणसानं काय सोसलंय ते आधी बघा. चुकलंच, तर केलेलं उसवायला लाजू नका. आणि जंगलाकडच्या एखाद्या घरात काळी, अर्धीच कोंबडी दिसली, तर तिच्यातली तार भंगार समजून ओढून काढू नका. तिच्यावर अजून चौदा टाके आहेत.